फर्नांदची पारख, माझे टाके

फर्नांदचं कौतुक सुरू झालं की मी उठते आणि भांडी घासायला घेते. त्यामुळे आमच्या घरातली भांडी कायम लखलखीत असतात.

फर्नांद माझी धाकटी जाऊ. माझा नवरा रेआल आणि तिचा नवरा लिओनेल हे सख्खे भाऊ, दोघांचा मिळून लाकूडतोडीचा धंदा. हाताखाली चार गडी, ओंडके ओढायचं एक म्हातारं यंत्र आणि नदीच्या अलीकडचं मेपल-बर्चचं रान. मोठ्या कंपन्यांची यंत्रं उभी झाडं गवतासारखी कापतात म्हणे. आमच्याकडे अजून माणूस साखळीची मोटार-करवत घेऊन बुंध्याशी उभा राहतो, त्यामुळे त्या माणसाच्या अंगावर काय आहे याला महत्त्व. हेल्मेट, बूट, हातमोजे, कानांवरची टोपणं, पायांचे चॅप्स. हे सगळं विकत घ्यायचा मान फर्नांदचा. मान असं मी म्हणते. ती म्हणते काम.

दिसायला काही नाही हो. बुटकी, रुंद हाडाची, केस स्वतःचे स्वतः कापते आणि ते दिसतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला धिरड्यांसारखे आमचे प्लोयसुद्धा धड टाकता येत नव्हते. बकव्हीटच्या पिठात पाणी किती घालायचं, तवा किती तापवायचा, सगळं मी शिकवलं. आता चर्चच्या जेवणाला लोक पहिला घास खातात आणि विचारतात, प्लोय फर्नांदनं केलेत ना? कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय म्हणायचं.

तिची खरेदी म्हणजे तर तमाशा. दक्षिणेकडून व्हॅन घेऊन एक विक्रेता येतो, तो तिला बघूनच घाम पुसायला लागतो. हेल्मेट घ्यायचं असलं तर ती एक मागून ठेवते आणि दिवसभर डोक्यावर घालून घरात वावरते. त्यातच बटाटे सोलते, त्यातच कपडे वाळत घालते. संध्याकाळी मान दुखली की हेल्मेट परत. बूट घ्यायचा तर तो घालून ओढ्यात जाऊन उभी राहते, पुलावरून जाणाऱ्या बायका बघतात, हिला त्याचं काही नाही. हातमोजे मात्र अगदी स्वस्तातले घेते, गठ्ठ्यानं. का, तर म्हणे राळ आणि ग्रीस लागलं की महागडा मोजाही आठवड्यात मरतो आणि स्वस्तही, मग स्वस्तच मरू दे. हे वाक्य रेआल मला घरी येऊन कौतुकानं सांगतो. हेच मी बोलले असते तर चिक्कू ठरले असते.

आणि हातमोज्यांवर वाचवलेलं सगळं ती चॅप्सवर उधळते. चॅप्स म्हणजे पँटीवरून बांधायचं जाड आवरण, मांडीपासून घोट्यापर्यंत, आत चिवट धाग्यांचे थर. करवत सटकून पायावर आली तर वाचवायला तेवढंच. फर्नांद घेते ते पोटरीला मागूनही वेढतात, आणि किंमत ऐकून माझे डोळे पांढरे होतात. बरं, एवढे मोजून आणायचे आणि एकदा करवत लागली की कचऱ्यात. मी स्वतः बघितलंय. वितभर चीर, बाकी सगळे नवेकोरे, आणि बाईनं उचलून पिंपात टाकले. माझा जीव तुटला. ती घरात गेल्यावर मी ते काढून आणले, त्यांची बकलं अजून माझ्या डब्यात आहेत.

खरं तर हा मान माझा होता. घरची मोठी सून मी. आधी सगळी खरेदी सासू बघायची, नातवंडं मेमेर म्हणतात म्हणून आम्हीही तिला मेमेरच म्हणतो. म्हातारीची नजर अधू झाली तेव्हा नव्या वर्षाच्या जेवणाला सगळ्यांसमोर तिनं खरेदी फर्नांदच्या हाती दिली. माझ्या हातात तेव्हा मांस भरलेल्या टुर्तिएरचं ताट होतं, ते मी टेबलावर जरा जोरातच ठेवलं. मेमेरला ऐकू चांगलं येतं.

ती म्हणाली, "लॉरेट, तुझ्या हातून काही सुटत नाही गं. विकत घेणाऱ्या बाईला टाकता आलं पाहिजे."

टाकता आलं पाहिजे म्हणे. याच म्हातारीच्या स्वेटरांची मी लोकर उसवून पोरांचे मोजे केले होते, तेव्हा नव्हती म्हणाली असं. वस्तू विकत घ्यायला अक्कल लागत नाही, पैसा लागतो. अक्कल लागते ती टिकवायला. पण हे ऐकायला कुणाला वेळ आहे.

मग मीही ठरवलं, बाकीच्यांचं तुझं तू बघ बाई, माझ्या नवऱ्याच्या पायांचं मी बघेन. बाजारातलं एक जुनं दुकान बंद होत होतं, तिथून रेआलसाठी चॅप्स आणले, फर्नांदच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत. मीही काही डोळे मिटून घेत नाही. चाचणीत उतरल्याचा जो शिक्का तिच्या चॅप्सवर असतो तोच माझ्या चॅप्सवर होता, मी शेजारी ठेवून बघितला. पोटरीमागं वेढा नव्हता एवढंच. करवत समोरून येते, मागं काय करायचाय वेढा.

आणि माझ्या चॅप्सना जे होतं ते तिच्या एकाही चॅप्सना नव्हतं. नाव होतं.

आमच्या खोऱ्यात नाव टाकायची रीत आहे. म्हाताऱ्यांच्या काळी गडी अख्खा हिवाळा रानातल्या छावणीत काढायचे. लोकरीच्या विजारी सगळ्यांच्या सारख्या, वाळायच्या एकाच शेगडीवर. म्हणून बायको नवऱ्याच्या विजारीवर, उजव्या मांडीवर, लाल दोऱ्यानं नाव शिवून द्यायची. छावण्या गेल्या, विजारी गेल्या, रीत राहिली. चॅप्स आले तर चॅप्सवर नाव. आता थोड्याच जणी उरल्यात असं करणाऱ्या. बटाटे काढून झाले की आम्ही बसतो, आणि जिचं अक्षर वाकडं येतं तिच्याबद्दल पुढच्या बटाट्यांपर्यंत बोललं जातं. माझं कधी वाकडं आलं नाही. फर्नांद लिओनेलचं नाव मार्करनं लिहिते. मार्करनं. शाळेतल्या पोराच्या डब्यावर लिहितात तसं.

माझा टाका आईनं शिकवलेला. सुई सगळे थर भेदून पार पलीकडे निघाली पाहिजे, तर ते नाव टिकतं. त्या चॅप्सना रानात फांद्यांनी ओरखडे आले, तर तिथंही मी दुहेरी ठिगळ लावून तसेच भक्कम टाके घातले. चामडं शिवायची सुई वापरली, अंगठ्याला भोकं पडली. रेआल ते हातात घेऊन म्हणाला, आता हे माझ्यापेक्षा जास्त जगतील. मी दोन दिवस गुणगुणत फिरत होते.

त्याच्या पुढच्या रविवारी सगळे मेमेरकडे जेवायला होतो. कोंबडीचा रस्सा, प्लोय, वर लोणी. फर्नांदनं घास खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, लॉरेट, पायाच्या भागावर टाके नको घालूस, आतले धागे सुटे राहावे लागतात, फाटलेच असतील तर टाकून दे, मी दुसरे आणते. अगदी हळू आवाजात म्हणाली. हळू आवाजात बोललं की माणूस शहाणं वाटतं, हे तिला बरोबर कळतं.

मी म्हटलं, "ज्या बाईला बटण लावता येत नाही तिनं टाक्यांवर बोलू नये. तू आपली ओढ्यात उभी राहा."

सगळे हसले. लिओनेलच्या नाकातून कॉफी आली. मेमेरसुद्धा हसली, आणि म्हातारी माझ्या बोलण्यावर फारशी हसत नाही. फक्त रेआल ताटात बघत होता. फर्नांदनं पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं, जिंकले.

थंडी पडायला लागली, काम जोरात सुरू झालं. रेआल रोज पहाटे चॅप्स खांद्यावर टाकून निघायचा आणि संध्याकाळी पोर्चमधल्या खुंटीला लावायचा. एक दिवस मी ते झटकायला घेतले तर झटकायला काही निघेना. भुसा नाही. करवतीचं तेल नाही. लाल दोरा मी शिवला त्या दिवशीसारखा लाल. नाकाला लावून बघितले तर आमच्या साबणाचा वास. दिवसभर मेपल पाडणाऱ्या माणसाच्या मांडीला आमच्या साबणाचा वास कसा येईल?

मी ते परत खुंटीला लावले आणि बघत राहिले. पुढच्या आठवड्यातही तेच.

मग पोस्टात टपाल आणायला गेले तर खिडकीमागच्या ज्युडिथनं पाकिटं चाळता चाळता सोडून दिलं, की तुमच्या रेआलचा ट्रक हल्ली रोज पहाटे फर्नांदच्या अंगणात दिसतो, कॉफी चांगली करते वाटतं ती. वर बघितलंसुद्धा नाही बयेनं. मी म्हटलं, हो, कॉफी बरी करते, प्लोय मी शिकवले तिला. आणि बाहेर येऊन माझ्या ट्रकमध्ये बसले, पण ट्रक सुरू केला नाही.

कारण मला ठाऊक होतं, पहाटे लिओनेल घरी नसतो. त्या म्हाताऱ्या यंत्राला थंडीत तापायला वेळ लागतो, म्हणून तो सगळ्यांच्या आधी रानात जातो. म्हणजे घरात फर्नांद एकटी. आणि माझा नवरा. घरातला मान घेतला, चर्चमधले प्लोय घेतले, आता राहिलं काय होतं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या आठवड्यात मी रेआलला वाढलं, त्याच्याशी हवापाण्याचं बोलले, आणि तो जेवताना त्याचं तोंड बघत राहिले. तोंड तेच होतं. त्याचाच जास्त राग आला.

एका सकाळी तो गेल्यावर मी कोट चढवला आणि मागच्या बटाट्याच्या शेतातून चालत निघाले. माझा ट्रक नेला असता तर आवाज झाला असता. ढेकळं गोठून दगड झालेली. तिचं कुत्रं मला ओळखतं, भुंकलं नाही, उलट शेपूट हलवत सोबत आलं. रेआलचा ट्रक अंगणात होता. घरात दिवा नव्हता. दिवा शेडमध्ये होता आणि दार अर्धं उघडं.

आत माझा नवरा कामाच्या टेबलाला धरून उभा होता, एक पाय मागं टाकून. आणि फर्नांद त्याच्या मागं गुडघ्यांवर बसली होती. तिचे दोन्ही हात त्याच्या पोटरीला.

मी दार पूर्ण उघडलं. "पोटरी छान आहे ना गं? मीही तीच बघून लग्न केलं होतं."

रेआलचा चेहरा पांढराफटक पडला. फर्नांद उठलीसुद्धा नाही. तिनं बकल लावलं, ओढून बघितलं आणि म्हणाली, "दार लाव, थंडी आत येतेय."

तेव्हा मला दिसलं. रेआलच्या पायांत चॅप्स होते, पण माझे नव्हते. नवे, महागडे, पोटरीला वेढणारे. माझे भिंतीवर टांगलेले होते, लाल नाव भिंतीकडे तोंड करून. रोज घरून माझे घेऊन निघायचा, इथं येऊन टांगायचा, तिचे घालून रानात जायचा. संध्याकाळी पुन्हा इथं यायचा, तिचे काढायचा, माझे खांद्यावर टाकून घरी. मी साबणाचा वास घेत बसले होते.

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, सुटले, भलतं काही नव्हतं. मला तसं काही वाटलं नाही. मला वाटलं, भलतं असतं तर निदान गावानं मला बरोबर म्हटलं असतं.

रेआल बोलायला गेला आणि "तुझे टाके" म्हणून अडखळला. मग फर्नांदच बोलली. करवतीची साखळी आतल्या धाग्यांना लागते तेव्हा धागे बाहेर ओढले जातात, साखळीभोवती गुंडाळतात आणि तिला जाम करतात, म्हणून पाय वाचतो. मी ते धागे एकमेकांना शिवून टाकले होते. ते आता ओढले जाणार नव्हते, नुसते कापले जाणार होते. रविवारी तेच सांगत होते, म्हणाली.

मी म्हटलं, "तुला तुझी किंमत खरी करून दाखवायचीय, दुसरं काही नाही."

"दाखवते," ती म्हणाली.

शेडबाहेर लाकूड कापायच्या तिवईवर मेपलचा ओंडका बांधलेला होता. फर्नांदनं रेआलच्या पायांतले ते नवे चॅप्स सोडले आणि त्यातला एक पाय ओंडक्यावर ताणून बांधला. रेआल म्हणाला, अगं, नवे आहेत ते, नको. ती म्हणाली, चालव. ज्या बाईनं त्यांच्यासाठी विक्रेत्याला रडकुंडीला आणलं होतं, तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

रेआलनं करवत सुरू केली आणि वरून टेकवली. घर्र झालं, धाग्यांचा पांढरा पुंजका उडाला आणि करवत गप्प. फर्नांदनं चॅप्स उचलून खालची साल दाखवली, ओरखडासुद्धा नाही. मग दोघांनी करवतीचं झाकण काढून त्यात अडकलेले धागे उपसायला घेतले. त्याला बराच वेळ लागला. कुत्रं पुंजक्याशी खेळत होतं.

मग तिनं माझे आणले. मला वाटलं, लगेच नावाचा पाय बांधेल. तिनं डावा पाय बांधला, खालचा भाग, जिथं मी सुई लावलेली नव्हती. करवत टेकली, घर्र झालं, पुंजका उडाला, करवत बंद. अगदी तिच्या महागड्यांवर झाली तशी. सालीला ओरखडा नाही.

"तुझी खरेदी बरोबर होती, लॉरेट," फर्नांद म्हणाली. "पोटरीला मागं वेढा हवा होता, पण समोरून हेही तेवढंच थांबवतात. मी उगाच जास्त मोजते असं तू म्हणायचीस, ते निम्मं खरंय."

सांगते, त्या बाईकडून आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर म्हटलं गेलं आणि मला ते धड घेतासुद्धा येईना. कारण रेआल पुन्हा झाकण काढून धागे उपसत होता आणि ती माझ्या चॅप्सचा उजवा पाय ओंडक्यावर ताणत होती. नाव वर. रेआल, माझ्या अक्षरात, एकही अक्षर वाकडं नाही.

करवत टेकली. यावेळी घर्र झालंच नाही. लाल दोऱ्याचे तुकडे उडाले, मग काळ्या कापडाचे, आणि मग लाकडाचा भुसा. रेआलनं घाईनं करवत वर उचलली. तिनं चॅप्स बाजूला केले. मी खाली वाकून ओंडक्याच्या खाचेत बोट घातलं. पहिलं पेर गेलं, दुसरं गेलं. खाच अजून गरम होती.

रेआलनं करवत जमिनीवर ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला. मी तो झटकला.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला तुझ्या टाक्यांचा एवढा अभिमान. तू रडली असतीस."

"मग रडले असते. बायको आहे मी तुझी, रडले असते आणि उसवून दिले असते."

तेव्हा मी फर्नांदकडे वळले, कारण एक गोष्ट मला अजून सोडत नव्हती. चॅप्स बदलायचे तर बदला, पण गुडघ्यांवर बसून बकलं लावायचं काय नडलं होतं? मोठा बाप्या आहे, त्याचे हात मोडलेत?

फर्नांदनं पहिल्यांदा नजर खाली घातली. तीच काय ती वेळ. म्हणाली, त्याचा गुडघा वाकत नाही, मागच्या हिवाळ्यात ओंडका घरंगळला तेव्हापासून, पोटरीमागं हातच पोचत नाही, आणि रानात गड्यांसमोर कुणाकडून बांधून घ्यायची त्याला लाज वाटते.

मला रेआलनं सांगितलं होतं, थंडीनं धरलाय. मी त्याला लोकरीचं गुडघ्याचं आवरण विणून दिलं होतं. जुन्या स्वेटरच्या लोकरीचं.

"तुला कसं कळलं?" मी तिला विचारलं.

"दर वर्षी सगळ्यांच्या पायांची मापं घेते ना मी. तो बसताना कण्हला. मी विचारलं."

बस्स. एवढंच. तिनं विचारलं. मी त्याच ओट्याशी त्याच टेबलाशी रोज त्याच माणसासमोर बसते, मी टाके घातले, विणलं, उसवलं, पुन्हा विणलं, आणि विचारलं नाही. गुडघ्यांवर बसलेली बघून जे वाटलं ते तर काहीच नव्हतं. खरी आग आता लागली. माझ्या नवऱ्यानं आपला पाय तिच्या हवाली केला होता आणि माझ्या वाट्याला खोटं ठेवलं होतं, प्रेमानं, घडी घालून, खांद्यावर टाकून रोज घरी आणलेलं.

आभार मानले का म्हणून विचाराल. नाही मानले. मी ओंडक्यावरून माझे फाटके चॅप्स उचलले, शेडच्या कोपऱ्यातल्या पिंपाशी गेले आणि टाकले. बकलं न काढता टाकले. फर्नांदनं ते बघितलं आणि काही बोलली नाही, त्याबद्दल मात्र मी तिची आभारी आहे.

तिनं लिओनेलची जादा जोडी खुंटीवरून काढली आणि रेआलच्या दिशेनं वाकायला लागली. मी म्हटलं, थांब. आणि गुडघे टेकले. शेडची जमीन बर्फासारखी गार होती. मला बकल सापडेना, उलटं लागलं, फर्नांदनं शेजारी बसून दाखवलं. खालचं आधी लाव, म्हणाली, मग वरचं, म्हणजे आवरण वर सरकत नाही. तिच्या केसांना आमच्यासारखाच कांद्याचा वास येत होता.

आता त्याला बरेच दिवस झाले. रेआलचा गुडघा डॉक्टरनं बघितला. बर्फ वितळला की झाडं पाडायची नाहीत, यंत्रावर बसायचं, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. लिओनेल कुरकुरला, त्याला फर्नांदनं गप्प केलं. म्हणजे तिथंही ती आलीच. नाव टाकायची रीत मोडायला नको म्हणून ती एक दिवस नव्या चॅप्सचा गठ्ठा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, कमरेच्या पट्ट्यावर टाक, तिथं आत काही नसतं, शिवलेलं चालतं. सगळ्या गड्यांचे आहेत, लिओनेलचेही. मार्कर फिका पडतो म्हणाली. मी सगळ्यांचे शिवले. लिओनेलचंही नाव सरळच आलं, वाकडं काढायचं मनात होतं पण हाताला जमेना. गड्यांच्या बायकांनी घरी पट्टे बघितले आणि चर्चमध्ये म्हणाल्या, किती छान कल्पना, फर्नांदची ना? मी घरी येऊन भांडी घासली.

सकाळी मात्र रेआल आता कुठं थांबत नाही. आमच्याच स्वयंपाकघरात टेबलाला धरून उभा राहतो आणि पाय मागं टाकतो. मी फरशीवर गुडघे टेकते आणि विचारते, दुखतोय का? कधी म्हणतो हो, कधी म्हणतो नाही, पण खरं सांगतो. मग मी बकलं लावते. फर्नांद म्हणाली होती, खालचं आधी. मी वरचं आधी लावते. दोन्ही तऱ्हांनी लावून, ओढून बघितलंय, सारखंच घट्ट बसतं.